मानवोत्तरवाद आणि उत्तर अमेरिकी कादंबरी: विषय कसा आवळावा, वर्गात कुठून सुरुवात करावी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "मी तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा (पेट) झाली, कोर्सवर्क झालं. 'समकालीन उत्तर अमेरिकी कथासाहित्यातील मानवोत्तरवाद' असा विषय घेऊन गाईडकडे गेले, तर ते म्हणाले, फार पसरट आहे, आवळा. पण नेमकं काय आवळू? शिवाय यंदा एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचं याच विषयावरचं एक युनिट माझ्या वाट्याला आलंय. वर्गात सुरुवात कुठून करू?"

तुमच्या गाईडचं म्हणणं रास्त आहे. मानवोत्तरवाद म्हणजे 'माणूस' कुणाला म्हणायचं आणि तो यंत्र-जनावरांहून वेगळा कसा, यावरच प्रश्न उभा करणारा विचार; या एका शीर्षकाखाली दहा जणांचे प्रबंध आरामात मावतील. शोधगंगेवर, म्हणजे भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, या विषयाचे प्रबंध चाळलेत तर साचा लगेच लक्षात येईल. पहिल्या प्रकरणात हॅरवे, हेल्स, ब्रायडोटी या सिद्धान्तकारांचा गोषवारा, दुसऱ्यात लेखकाचं चरित्र, मग तीन प्रकरणांत तीन कादंबऱ्यांची कथानकं आणि प्रत्येकाच्या शेवटी 'अशा रीतीने प्रस्तुत कादंबरी मानवोत्तर जाणीव व्यक्त करते' हा शिक्का. यात सिद्धान्त आधीच जिंकलेला असतो आणि कादंबरी नुसती साक्षीला उभी असते. असे प्रबंध मंजूर होतात, पदवीही मिळते, पण पुढे कुणी ते उघडत नाही.

माझा सल्ला असा, की कादंबरी ज्या पानावर सिद्धान्ताचं ऐकत नाही ते पान शोधा आणि प्रबंध तिथून बांधायला घ्या. खाली जे लिहिलंय ते सगळं या एका गोष्टीचा विस्तार आहे.

आधी सिद्धान्ताचा गुंता सोडवू, कारण बहुतेक सिनॉप्सिस (संशोधनाचे आराखडे) तिथेच फसतात. माणूस यंत्रात घालता येईल, मरण टाळता येईल, मेंदूतला मजकूर संगणकावर उतरवून घेता येईल, हे स्वप्न वेगळं आणि मानवोत्तरवाद वेगळा. कार्नेगी मेलनचे रोबोटतज्ज्ञ हान्स मोराव्हेक यांनी १९८८ च्या 'माइंड चिल्ड्रन'मध्ये एक कल्पित शस्त्रक्रिया रंगवली आहे: यंत्रशल्यविशारद मेंदूचा एकेक थर वाचत जातो, तो संगणकात उतरवतो, आणि शेवटी कवटी रिकामी होते पण 'तुम्ही' शाबूत राहता. कॅथरीन हेल्स यांचं १९९९ चं 'हाउ वी बिकेम पोस्टह्यूमन' हे पुस्तक सुरू होतं तेच या कल्पनेने हादरून. शरीर वजा केलं तरी माणूस शिल्लक उरतो, असं आपल्याला वाटायला कधी लागलं, हा त्यांचा प्रश्न. त्याचा माग काढत त्या १९४६ ते १९५३ या काळातल्या, सायबरनेटिक्सचा (यंत्र आणि सजीव यांतल्या नियंत्रणाच्या व संदेशवहनाच्या शास्त्राचा) पाया घालणाऱ्या मेसी परिषदांपर्यंत, नॉर्बर्ट वीनर आणि क्लॉड शॅनन या गणितज्ञांपर्यंत जातात. म्हणजे ज्या पुस्तकाच्या नावाने लोक यंत्रमानवाचे गोडवे गातात, ते पुस्तक मुळात शरीराची बाजू घेणारं आहे. हेल्स आधी रसायनशास्त्र शिकलेल्या, मग साहित्याकडे वळलेल्या. त्यांची पद्धत मला त्यांच्या सिद्धान्ताहूनही जास्त उपयोगाची वाटते. सायबरनेटिक्सच्या प्रत्येक टप्प्यासोबत त्या एखादी कादंबरी वाचतात, आणि कादंबरीकाराने शास्त्रज्ञाच्या कल्पनेचं काय केलं ते पाहतात. फिलिप के. डिक आणि 'गॅलाटिया २.२' लिहिणारे रिचर्ड पॉवर्स यांच्यावरची त्यांची पानं या नजरेने पुन्हा वाचा.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. इहाब हसन यांनी मानवोत्तर संस्कृतीची चाहूल १९७७ मध्येच नोंदवली होती. एक तळटीप त्यांना पुरे. डॉना हॅरवे यांचा सायबोर्ग (अर्धा जीव, अर्धं यंत्र) जाहीरनामा १९८५ चा. तो राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळात, समाजवादी स्त्रीवाद्यांसाठी लिहिलेला आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या कारखान्यांत काम करणाऱ्या बायका त्यात आहेत, हे विसरून लोक त्यातली दोन-तीन चमकदार वाक्यंच तेवढी उचलतात. कॅरी वुल्फ यांचं २०१० चं पुस्तक प्राण्यांचा प्रश्न मध्यभागी आणतं. ब्रायडोटी युरोपातून लिहितात. तुमच्या विषयाला त्यांची गरज लोकांना वाटते त्याहून कमी आहे.

आता आवळायचं कसं. मी तुमच्या जागी असते तर धागा धरला असता तो 'मालकीचा जीव' हा. म्हणजे प्रयोगशाळेत घडवलेला जीव, त्याचं पेटंट, त्याचं काम आणि त्याचं मांस.

याला कायद्याचा भक्कम इतिहास आहे, आणि तो अमेरिकेत आणि कॅनडात वेगवेगळ्या वाटांनी गेला. जनरल इलेक्ट्रिकमध्ये काम करणारे आनंद मोहन चक्रवर्ती यांनी खनिज तेलाचं विघटन करणारा जिवाणू तयार केला. जिवंत जीवावर पेटंट मिळू शकतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. पुढे हार्वर्डने कर्करोग होण्याची प्रवृत्ती जनुकांतच घातलेला उंदीर तयार केला, आणि त्याला १९८८ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. कॅनडात त्याच उंदराचं प्रकरण वर्षानुवर्षं चाललं. डिसेंबर २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने, पुन्हा पाच विरुद्ध चार मतांनीच, वरच्या श्रेणीतले जीव पेटंटच्या कक्षेत बसत नाहीत असं ठरवलं.

याच सुमारास कॅनडात दोन कादंबऱ्या आल्या: लारिसा लाई यांची 'सॉल्ट फिश गर्ल' २००२ मध्ये आणि मार्गारेट ॲटवुड यांची 'ओरिक्स अँड क्रेक' २००३ मध्ये. सावध राहा, निकालामुळे कादंबऱ्या आल्या असं लिहू नका. परीक्षक तिथेच पकडतील. वाद किती तरी वर्षं हवेत होता. न्यायालय आणि कादंबरी एकाच प्रश्नाशी झुंजत होती, एवढंच तुम्हाला म्हणायचंय, आणि तेवढं पुरेसं आहे.

'सॉल्ट फिश गर्ल'मध्ये सोनिया नावाच्या क्लोन मुली बुटांच्या कारखान्यात राबतात. त्यांच्या जनुकांत माशाचा अगदी नगण्य अंश मिसळलेला आहे, आणि तेवढ्यामुळे कायद्याने त्या माणूस ठरत नाहीत. मिश्रण, संकर, सीमारेषा पुसणं हे सगळं सिद्धान्ताच्या पुस्तकांत मुक्तीचं लक्षण म्हणून येतं. इथे तीच पुसलेली रेषा मालकाच्या पथ्यावर पडते: माशाचा अंश आहे म्हणून पगार नाही. या मुली बंड करतात तेही कसं, तर बुटांच्या तळव्यांवर हिशेब उमटवून. साहित्याचा खर्च किती, मजुरी किती, विक्रीची किंमत किती, नफा किती. आपण माणूस आहोत असा टाहो त्या फोडत नाहीत. मजुरीचा आकडा तेवढा मांडून ठेवतात. हॅरवेंचा जाहीरनामा शेजारी ठेवून हा प्रसंग वाचा. दोन्हीकडे कारखान्यातली बाई आहे, पण रेषा पुसली गेल्यावर तिचं काय होतं याचं उत्तर कादंबरीत बरंच कडू आहे. तुमच्या प्रबंधाचं एक पूर्ण प्रकरण इथे बसलेलं आहे.

ॲटवुडकडे आलं की सगळे क्रेकर्सवर तुटून पडतात, म्हणजे क्रेक या शास्त्रज्ञाने घडवलेल्या त्या देखण्या, पाला खाणाऱ्या, तिशीत मरणाऱ्या नव्या माणसांवर. मी म्हणेन, आधी डुकरं पाहा. माणसांना बसवता येतील असे अवयव वाढवण्यासाठी तयार केलेली ती 'पिगून्स'. कादंबरीचा नायक जिमी लहान असताना त्याचे वडील ज्या कंपनीत असतात, ती सांगत असते की मेलेल्या पिगून्सचं मांस कुणाच्या ताटात जात नाही. ज्याच्या पेशी आपल्यासारख्या असू शकतात असं जनावर कोण खाईल? पण बाहेर मांस महागत जातं आणि कंपनीच्या उपाहारगृहात हॅम सँडविच आणि पोर्क पाय वरचेवर दिसायला लागतात. मोठी माणसं त्यावर विनोद करतात. पोराच्या पोटात मात्र कालवतं. एका कॅन्टीनच्या यादीत ॲटवुडनी जे मांडलंय ते कित्येक लेखांत सापडणार नाही: माणूस आणि जनावर यांच्यातली रेषा तत्त्वज्ञानाने हलत नाही, भाव वाढले की हलते.

हाच धागा ॲटवुड यांच्या या मालिकेतल्या तिसऱ्या कादंबरीत, २०१३ च्या 'मॅडअॅडम'मध्ये, उलटून येतो. पिगून्स मेलेलं पिल्लू फुलांनी सजवून माणसांकडे घेऊन येतात आणि तह करतात: समान शत्रूविरुद्ध एकत्र लढायचं आणि यापुढे एकमेकांना खायचं नाही. मध्ये दुभाषा म्हणून क्रेकर मुलगा ब्लॅकबिअर्ड उभा असतो. प्रेत सजवणं, शोक, करार, दुभाषा! जी लक्षणं आपण फक्त माणसाची म्हणून मिरवतो ती सगळी डुकरांच्या अंगी आलेली. आणि क्रेकर्स? क्रेकने त्यांच्यातून प्रतीकं, देव, पुढारी हे सगळं उपटून काढलं होतं. पण स्नोमॅन (म्हणजे मोठा झालेला जिमी) काही दिवस दूर गेला तर ते त्याची प्रतिमा करून तिच्याभोवती बसून जप करायला लागतात. मग प्रश्न उरतो: ही मानवोत्तर कादंबरी आहे की माणूसपण कुठूनही पुन्हा उगवतं असं म्हणणारी, म्हणजे मुळात मानवतावादीच? टीकाकारांचं यावर एकमत नाही. तुम्ही कुठलीही बाजू घ्या, पण घ्या. 'दोन्ही प्रवाह दिसून येतात' असलं बोटचेपं वाक्य लिहू नका.

अमेरिकेच्या बाजूने कृष्णवर्णीय विज्ञानकथालेखिका ऑक्टेव्हिया बटलर हव्यातच. 'डॉन' १९८७ ची. 'समकालीन' या शब्दावर कुणी अडवलं तर कालखंडाची सुरुवात १९८० च्या निकालापासून धरा. तारखेला कारण मिळतं आणि बटलरही आत येतात. अणुयुद्धानंतर उरलेल्या माणसांना ओआंकाली नावाचे परग्रहवासी वाचवतात आणि त्या बदल्यात जनुकांचा सौदा करतात. हॅरवेंना बटलर फार प्रिय, आणि त्यामुळे पुष्कळ अभ्यासक ही कादंबरी संकराचा उत्सव म्हणून वाचतात. पण लिलिथचं काय होतं ते बघा. सुरुवातीला तिला लिहायला कागद-पेन दिलं जात नाही. तिचा कर्करोग तिला न विचारता बरा केला जातो. शेवटी तिला गर्भ राहतो तोही न विचारता, आणि वर सांगितलं जातं की तू मनातून तयारच होतीस. लिलिथ कृष्णवर्णीय आहे, आणि १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय रुग्ण बाईंच्या कर्करोगाच्या पेशी त्यांना न विचारता घेतल्या गेल्या होत्या, हे डोक्यात ठेवून ही पानं वाचली की उत्सवाचा रंग उतरतो.

इथे तुम्हाला कॅरिबियन विचारवंत सिल्विया विंटर लागतील. त्यांचा २००३ चा दीर्घ निबंध अवघड आहे, पण टाळू नका. 'माणूस' म्हणून जे मोजमाप युरोपने ठरवलं ती माणसाची फक्त एक आवृत्ती होती, हा त्यांचा मुद्दा. अभ्यासक अलेक्झांडर वेहेलिये यांनी हेल्स यांनाच उलटा सवाल केला: ज्यांना कधी पुरतं माणूस धरलंच नाही, ते माणसाच्या 'नंतर' कुठून पोचणार? झकिया इमान जॅक्सन यांच्या २०२० च्या 'बिकमिंग ह्यूमन'मध्ये मुद्दा आणखी पुढे जातो. त्या म्हणतात, गुलामांचं माणूसपण नुसतं नाकारलं गेलं नाही. ते मान्य करून हवं तसं वाकवलं गेलं. त्याच पुस्तकात बटलर यांच्या 'ब्लडचाइल्ड' या कथेवर एक प्रकरण आहे. ते वाचल्याशिवाय बटलरवर लिहायला बसू नका.

उत्तर अमेरिकेतल्या आदिवासी लेखकांबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण ती आपल्याकडच्या प्रबंधांत हमखास सुटते. नदी, प्राणी, दगड हे नातलग आहेत, ही गोष्ट तिथल्या मूळ रहिवाशांना पॅरिस किंवा कॅलिफोर्नियाकडून शिकावी लागली नाही. कॅनडातल्या मेटी या आदिवासी समाजातल्या अभ्यासक झोई टॉड यांनी २०१६ मध्ये यावर एक खणखणीत लेख लिहिला: युरोपातले विचारवंत हे सगळं स्वतःचा शोध म्हणून मांडतात आणि ज्यांचं आहे त्यांची नावंही घेत नाहीत. शेरी डिमलाईन यांच्या 'द मॅरो थीव्ज' (२०१७) मध्ये गोऱ्या लोकांची स्वप्नं पडायची थांबलेली असतात आणि आदिवासींच्या अस्थिमज्जेसाठी त्यांना धरून शाळांमध्ये नेलं जातं. या शाळा कल्पनेतून आलेल्या नाहीत. आदिवासी मुलांना घरापासून तोडून ठेवणाऱ्या कॅनडातल्या निवासी शाळांतल्या शेवटच्या काही १९९० च्या दशकापर्यंत चालू होत्या, आणि त्यांच्याविषयीच्या सत्यशोधन आयोगाचा अंतिम अहवाल २०१५ मध्ये आला. कादंबरीत म्हातारी मिनर्व्हा आपल्या भाषेतलं गाणं गाते आणि ते सगळं यंत्र कोलमडतं. शरीर, मालकी, मज्जा: आपल्या धाग्यात ही कादंबरी नीट बसते.

म्हणजे लाई, ॲटवुड, बटलर, डिमलाईन. चार पुरे. डेलिलो यांची 'झिरो के', पॉवर्स यांची 'द ओव्हरस्टोरी', व्हँडरमीअर यांची 'अॅनिहिलेशन' वाचा जरूर, पण प्रबंधात कोंबू नका. 'उत्तर अमेरिका' म्हणताना मेक्सिको आणि कॅरिबियन बाहेर का ठेवले, याचं एका परिच्छेदाचं स्पष्टीकरण द्या. व्हायव्हात हा प्रश्न येतोच. त्यापेक्षा शीर्षकातच 'अमेरिका आणि कॅनडा' घाला आणि मोकळ्या व्हा.

आता वर्ग. एम.ए.च्या मुलांना पहिल्याच दिवशी हॅरवे दिलीत तर पुढच्या तासाला निम्मी बाकं रिकामी दिसतील. 'ब्लडचाइल्ड' द्या. १९८४ ची कथा, इंग्रजी सोपं, एका बैठकीत वाचून होते. परग्रहावर आसरा घेतलेली माणसं आणि त्यांच्या शरीरात अंडी घालणारे तिथले मूळ जीव. गॅन नावाच्या मुलाला त्यांची अंडी स्वतःच्या अंगात वाढवावी लागणार आहेत. मुलं वाचून येतात आणि एका सुरात म्हणतात, ही गुलामगिरीची गोष्ट आहे. तेव्हा त्यांना सांगा, बटलर यांनी स्वतः कथेच्या उत्तरलेखात याला नकार दिलाय. त्यांच्या मते ही प्रेमकथा आहे, पुरुषाच्या गरोदरपणाची आणि राहत्या जागेचं भाडं चुकवण्याची कथा आहे. वर्ग लगेच दोन गटांत फुटतो. मग बंदुकीचा प्रसंग फळ्यावर घ्या. घरात बेकायदा बंदूक आहे. त्या मूळ जीवांपैकी टीगाटोई, जिची अंडी गॅनच्या अंगात वाढायची आहेत, ती काढून घ्यायला बघते आणि गॅन म्हणतो, राहू दे, आम्हाला जनावरं मानत नसशील तर जोडीदाराबरोबर धोकाही पत्कर. ती मानते. संमती कशाला म्हणायचं, यावर तास कधी संपतो कळत नाही. लेखिकेचं मत अंतिम मानायचं का, हा प्रश्न मुलं आपणहून काढतात.

आपल्या वर्गांत आणखी एक गोष्ट घडते. 'माणूस आणि जनावर यांतली रेषा पुसू या' असं वाक्य आलं की कुणी ना कुणी महाडचा विषय काढतं. चवदार तळ्यावर जनावरं पाणी पीत होती आणि अस्पृश्यांना बंदी होती. २० मार्च १९२७ चा सत्याग्रह त्यासाठी झाला. हा आक्षेप विंटर आणि वेहेलिये यांच्या आक्षेपाचा सख्खा भाऊ आहे, आणि दलित पँथरने १९७२ मध्ये नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं हे मुलांना ठाऊक असतं. चर्चा होऊ द्या, अर्धा तास गेला तरी चालेल. विंटरचा निबंध नंतर निम्मा सोपा होतो. प्रबंधात मात्र हा भाग ओढूनताणून आणू नका. तो स्वतंत्र विषय आहे आणि त्याला वेगळी तयारी लागते.

दुसरी संहिता म्हणून टेड चँग यांची २०१० ची 'द लाइफसायकल ऑफ सॉफ्टवेअर ऑब्जेक्ट्स'. प्राणिसंग्रहालयात काम केलेली ॲना एका कंपनीत डिजिटल जीवांना लहान मुलासारखं वाढवते. कंपनी बुडते, ज्या आभासी जगात ते राहतात ते जुनं पडतं, आणि त्यांना नव्या ठिकाणी हलवायला पैसा कुणाकडेच नसतो. पैसा देऊ करणारी कंपनी येते ती त्यांचा लैंगिक वापर करण्यासाठी. आज प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये बोलका एआय आहे, तेव्हा 'यंत्राला जाणीव असते का' यावर मुलं तासभर गप्पा मारतात आणि हाती काही लागत नाही. 'यंत्राला सांभाळायचा खर्च कोण करतं' असं विचारा, मग ती पुस्तकातली वाक्यं शोधायला लागतात.

परीक्षेत 'मानवोत्तरवाद म्हणजे काय ते सांगून वैशिष्ट्ये लिहा' हा प्रश्न घालू नका. गाईडबुकवाले त्याचं उत्तर छापून मोकळे झालेत. न शिकवलेला एखादा उतारा द्या आणि त्यात माणूस कुणाला धरलंय, कुणाला नाही, कशावरून, एवढंच विचारा.

साहित्य मिळवण्याबद्दल. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून कोणकोणती नियतकालिकं उघडतात ते आधी विचारून घ्या. 'एक राष्ट्र, एक सदस्यत्व' योजना २०२५ पासून सुरू झाल्यावर सरकारी संस्थांतली स्थिती बरीच सुधारली आहे. बटलर यांची कागदपत्रं कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन लायब्ररीत आहेत, ॲटवुड यांची टोरोंटो विद्यापीठाच्या टॉमस फिशर ग्रंथालयात. नोंदणी झाली की फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिपचा आणि कॅनडासाठी शास्त्री इंडो-कॅनेडियन इन्स्टिट्यूटचा विचार करा. कुठल्या पेटीत काय पाहायचंय हे अर्जात नेमकं लिहिता आलं पाहिजे, नाहीतर अर्ज इतरांसारखाच दिसतो.

आरआरसीपुढे (विद्यापीठाच्या विषय मंजूर करणाऱ्या समितीपुढे) जाताना शीर्षक असं काही ठेवा: 'मालकीचे जीव: १९८० नंतरच्या अमेरिका व कॅनडातील निवडक कादंबऱ्यांतील शरीर, श्रम आणि पेटंट'. समितीवर कुणी विचारलं की यात सिद्धान्त कुठे दिसतो, तर बुटांच्या तळव्याचा प्रसंग सांगा. आणि लिहायला बसाल तेव्हा सिद्धान्ताचं पहिलं प्रकरण बाजूला ठेवून 'सॉल्ट फिश गर्ल'वरचं प्रकरण आधी लिहा. हॅरवे किती पानांत आवरायच्या ते त्यानंतर ठरवता येईल.